कणकेचा गोळा आणि गंधार

गणेशोत्सवात लालबाग-परळच्या चाळींत भजनाची तयारी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे दृश्य आठवेल. सतरंजी पसरलेली असते, पेटी खोक्यातून बाहेर निघालेली असते, झांजा वाटून झालेल्या असतात. इतक्यात पखवाजवाले बुवा खोलीतल्या एखाद्या पोराला हाक मारतात, "रे झिला, आवशीकडसून जरा कणीक घेवन ये." पोरगा आतून भिजवलेल्या कणकेचा गोळा आणतो. बुवा तो पखवाजाच्या डाव्या पुडीच्या मधोमध थापतात, कडा बोटाने चेपतात, थाप मारून ऐकतात, चिमूटभर कणीक काढतात, पुन्हा थाप मारतात. दोन-तीनदा असे झाले की त्यांची मान हलते. मग भजन सुरू.

आमचे घर गिरगावात आणि आजोळ परळला. मामा गिरणीत होते. त्यामुळे कणीक आणून देणाऱ्या त्या पोराचे काम आम्हीही केलेले आहे. त्या वेळी ती एक गंमत वाटे. पुढे शाळेत विज्ञान शिकवताना लक्षात आले की ध्वनिशास्त्रातला आमचा पहिला प्रयोग तोच होता. तो पाठ्यपुस्तकात कधीच आला नाही.

वाद्य शिकणारे मूल नेमके काय शिकते, हा या लेखाचा प्रश्न आहे. बोटे शिकतात, ताल शिकतो, पाठांतर होते, हे सगळे खरे. परंतु आमचे मत असे आहे की, वाद्य वाजवण्याइतकेच, कदाचित त्याहून अधिक, मूल वाद्य 'लावताना' शिकते. हा भाग हल्ली झपाट्याने त्याच्या हातून निसटतो आहे, म्हणून हा प्रपंच.

आधी कणकेचा हिशेब पाहू. ताणलेली पुडी सेकंदाला किती वेळा कंप पावेल, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. ताण वाढला की कंपने भरभर होतात, स्वर चढतो. पुडीचे वजन वाढले की कंपने मंदावतात, स्वर उतरतो. कणीक म्हणजे वजन. चिमूटभर काढली की स्वर किंचित चढतो, लावली की उतरतो. भजन तासभर चालले की दिव्यांच्या उष्णतेने कणीक सुकते, हलकी होते आणि स्वर वर सरकू लागतो. मग बुवा मधल्या अभंगाला बोट पाण्यात बुडवून कणकेवर फिरवतात. यात सूत्र कोणीही मांडलेले नाही, पण सूत्रातले प्रत्येक अक्षर बुवांच्या बोटांना ठाऊक आहे.

पखवाजाच्या उजव्या पुडीवर आणि तबल्यावर कणीक नसते, तिथे काळी शाई असते. लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचे पातळ थर एकावर एक देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ती तयार करतात. घोटताना तिला बारीक बारीक भेगा पडतात. त्या हव्याच असतात. त्यांच्यामुळे शाई जड असूनही पुडीबरोबर वाकू शकते. शाई म्हणजे कायमची बसवलेली कणीक, असे कोणाला वाटेल. ते अर्धेच खरे आहे. शाईने आणखी एक फार मोठी गोष्ट साधली आहे, आणि ती समजून घ्यायला थोडी आकडेमोड करावी लागेल.

तार छेडली की ती फक्त एकाच वेगाने कंप पावत नाही. मूळ कंपन सेकंदाला १०० असेल, तर त्याच वेळी २००, ३००, ४००, ५०० अशीही कंपने तारेत चालू असतात. यांना आपण उपस्वर म्हणू. ते मुळाच्या नेमक्या दुप्पट, तिप्पट, चौपट असल्यामुळे आपला कान त्या सगळ्यांना एकत्र बांधतो आणि 'हा एक सूर' असे ऐकतो. साध्या गोल पुडीचे तसे नाही. तिचे मूळ कंपन १०० असेल, तर पुढची कंपने १५९, २१४, २३०, २६५, २९२ अशी येतात. यांत पटीचे नाते नाही. कानाला गाठ मारता येत नाही. म्हणून ढोलाचा दणका ऐकू येतो, छाती हलते, पण त्याचा षड्ज कोणता, हे सांगता येत नाही.

तबल्याचा षड्ज मात्र सांगता येतो. कोणताही गायक तबला आपल्या सुरात लावून घेतो. हे कसे घडते, याचा छडा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी लावला. १९२० साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' या नियतकालिकात यावर टिपण लिहिले आणि १९३४ साली सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. पुडीवर बारीक वाळू पसरून त्यांनी ती कुठे स्थिर राहते ते पाहिले. जिथे पुडी हलत नाही तिथे वाळू रेषा धरून बसते. त्यांना आढळले की, मधल्या शाईमुळे पुडीच्या कंपनांचे आकडे सरकतात आणि १, २, ३, ४, ५ या पटींत येऊन बसतात. कंपनांचे नऊ निरनिराळे प्रकार मिळून हे पाच स्वर होतात. म्हणजे ज्या कोणा अनामिक कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या शाईचा आकार आणि जाडी कमी-जास्त करून पाहिली, त्यांनी चामड्याला तारेसारखे बोलायला लावले. आमच्या दृष्टीने या देशातल्या कारागिरीची ही एक थोर कामगिरी आहे, आणि ती शाळेच्या भौतिकशास्त्रात एका वाक्यानेही येत नाही, याचे आम्हांला नेहमी वाईट वाटते.

तबल्यावर 'ना' वाजवताना अनामिकेचे टोक पुडीवर अलगद टेकलेले असते आणि तर्जनी काठावर पडते. टेकलेले बोट मूळ कंपनाला दाबते, पण ज्या कंपनाची स्थिर रेषा त्या बोटाखालून जाते ते कंपन मोकळे राहते. म्हणून 'ना'चा सूर वेगळा, स्वच्छ उठतो. आठ-नऊ वर्षांचे मूल क्लासमध्ये महिनाभर नुसते 'ना' घासत बसते, आणि पालकांना वाटते की काहीच प्रगती नाही. वास्तविक ते मूल स्थिर रेषा कुठे आहे ते बोटाने शोधत असते.

मग येते हातोडी. पुडीच्या कडेने सोळा घरे. एका घरावर ठोकले की समोरच्या घराचे ऐकायचे. सगळीकडे एकच सूर लागेपर्यंत फिरत राहायचे. मुंबईच्या पावसाळी हवेत हे काम अधिकच चिवट होते. चामडे हवेतला ओलावा शोषते, सैल पडते, सूर उतरतो. लावलेला तबला तासाभरात पुन्हा मागे जातो. शाहिरांच्या डफाचे तेच. वर्तमानपत्राचा कागद पेटवून त्यावर डफ शेकताना आम्ही परळच्या कामगार मैदानाच्या कडेला पाहिले आहे. उष्णतेने ओलावा गेला की डफ पुन्हा टणटणीत बोलतो. ही सगळी खटपट म्हणजे वाया गेलेला वेळ, असे शिकणाऱ्याला वाटते. परंतु दोन सूर सारखे आहेत की नाहीत, असतील तर किती सारखे, हे मूल याच वेळात शिकते. त्यासाठी दुसरा तास कोणी ठेवलेला नाही.

झाकीर हुसेन (१९५१–२०२४) माहीमला वाढले. जन्मल्यानंतर वडिलांनी, म्हणजे उस्ताद अल्लारखा यांनी, आपल्या कानात तबल्याचे बोल म्हटले, ही आठवण ते मुलाखतींतून सांगत असत. तबला हातात येण्याच्या कितीतरी आधी तो कानात आलेला होता. आता प्रत्येकाच्या घरी अल्लारखा कुठून येणार! परंतु गिरगाव, दादर, परळ या भागांत वाढणाऱ्या मुलाला एक सोय होती. घरे लहान, भिंती पातळ, दारे उघडी. शेजारच्या खोलीतली शिकवणी फुकट ऐकू येई. आमच्या मजल्यावर एका टोकाला पेटी, दुसऱ्या टोकाला रेडिओ आणि जिन्याखाली बेंजो, असा रोजचा त्रिवेणी संगम असे.

या बेंजोविषयी जाता जाता सांगून टाकू. लालबागच्या मिरवणुकीत ज्याला बेंजो म्हणतात, तो अमेरिकेतला बँजो नव्हे. ते आपले बुलबुलतरंग, आणि मुळात ते जपानी आहे. १९१२ साली नागोया इथल्या मोरिता गोरो यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा तारांवर बसवून हे वाद्य बनवले. कळ दाबली की तार ठरलेल्या जागी दाबली जाते. चुकीच्या जागी बोट पडण्याची भीतीच नाही. जपानी वाद्य, अमेरिकन नाव आणि कोकणी गाणी, असा हा मामला आहे. शिकायला सोपे, खिशाला परवडणारे, म्हणून ते गिरणगावात रुजले. तरी तारा पिळून सुरात लावण्याचे काम वाजवणाऱ्याकडेच राहते.

पेटीत तेही राहत नाही. आणि इथून आमच्या लेखातला खरा तंटा सुरू होतो.

पेटीच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. कारागीर त्यांना 'सूर' असेच म्हणतात. भात्यातून आलेली हवा त्यांना थरथरवते. पट्टीचे टोक खरवडले तर ते हलके होऊन स्वर चढतो. मुळाशी खरवडले तर पट्टी लवचीक होऊन स्वर उतरतो. हे काम कारागिराने एकदा केले की वर्षानुवर्षे टिकते. पावसाळ्याचा त्यावर फारसा परिणाम नाही. म्हणून मध्यमवर्गीय घराला पेटी सोयीची वाटली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात हातपेटी तयार झाली आणि नाटक, कीर्तन, भजन करीत ती घराघरांत पोहोचली. मुलाने पट्टी दाबायची, स्वर तयार. मग त्याच्या कानाला करायला काय उरले?

एक घडलेली गोष्ट सांगतो. १९७०च्या सुमारास आम्ही ज्या क्लासमध्ये गाणे शिकत होतो, तिथे आमच्याच वयाची एक मुलगी होती. तिच्या घरी आजोबांचा तंबोरा होता आणि ती त्यावरच वाढली होती. क्लासमध्ये सगळे पेटीवर. भूप राग चालू असला की ती गंधारावर आली रे आली की गुरुजी थांबवत. "गंधार उतरलाय," म्हणत, पट्टी जोराने दाबून धरत. ती ऐके, पुन्हा म्हणे, पुन्हा तेच. आम्ही बाकीची मुले हसत असू. आम्हांलाही तो गंधार उतरलेलाच वाटे, कारण आमचे कान पेटीने तयार झालेले होते. सात-आठ महिन्यांनी तिने क्लास सोडला. सगळ्यांनी ठरवले की तिला सुराचे अंग नाही.

पुढे महाविद्यालयात ध्वनीचा धडा शिकताना आम्ही सहज म्हणून गणित मांडले आणि चपापलो.

संगीताच्या पुस्तकांत षड्जाची कंपने २४० धरायची पद्धत आहे. तंबोऱ्याच्या खर्जाची मग १२० होतील. त्या तारेचे उपस्वर पाहा: २४०, ३६०, ४८०, ६००. यांतला २४० हा षड्ज, ३६० हा पंचम, ४८० हा तार षड्ज. आणि ६००? ४८० ला ६०० शी असलेले नाते ४ ला ५ चे, म्हणजेच षड्ज-गंधाराचे. तंबोऱ्यात गंधाराची तार नसते, तरी चांगला जुळलेला तंबोरा छेडला की खर्जातून गंधार आपोआप उमटतो. जुने गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते, तारेखाली सुताचा दोरा सरकवलेला असतो. या जवारीमुळे उपस्वर खुलतात. तार जिथे छेडावी तिथे ज्यांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उठू नयेत, असा एरवीचा नियम आहे. तंबोरा आणि वीणा तो पाळत नाहीत, हेसुद्धा रामन यांनीच १९२१ साली दाखवून दिले होते.

तर, २४० च्या षड्जाला तंबोऱ्यातला गंधार ३०० चा. आता पेटीचा पाहू. बाजारातली नेहमीची पेटी पाश्चात्त्य पद्धतीने लावलेली असते. एका सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडायचे, म्हणजे कोणत्याही पट्टीला षड्ज मानून वाजवता येते. ही सोय मोठीच आहे. परंतु सारखे भाग पाडल्यामुळे स्वर नैसर्गिक जागांवरून थोडेथोडे हलतात. या हिशेबाने गंधार येतो ३०२.४. फरक अडीच कंपनांहून कमी. एवढ्याने काय बिघडले?

बिघडते ते असे. तंबोऱ्याच्या षड्जाचा पाचवा उपस्वर १२००. पेटीच्या गंधाराचा चौथा उपस्वर १२०९.५. हे दोन शेजारी स्वर एकत्र वाजले की आवाज कमी-जास्त होत राहतो, सेकंदाला साडेनऊ वेळा. यालाच आपण विस्पंद म्हणतो. कानाला ती एक खरखर, एक अस्वस्थ थरथर वाटते. पंचमाचा हिशेब केला तर पेटीचा ३५९.६, नैसर्गिक ३६०. विस्पंद सेकंदाला एकही पुरा नाही. मध्यम सेकंदाला एखादा. म्हणजे पेटीचे पंचम-मध्यम निर्दोष म्हणावे असे आहेत. गंधार आणि धैवत मात्र चढे. धैवत तर ४०० ऐवजी ४०३.६ वर बसलेला.

त्या मुलीचा गंधार पेटीपेक्षा उतरलेला होता. उतरलेलाच असायला हवा होता. ती ३०० वर गात होती, आणि आम्ही ३०२.४ च्या बाजूने हसत होतो. अर्थात त्या दिवशी आमच्याकडे मोजायला यंत्र नव्हते, तेव्हा तिचा गंधार तंतोतंत ३०० चा होता असे प्रतिज्ञेवर सांगता येणार नाही. परंतु तंबोऱ्यावर वाढलेले मूल पेटीच्या गंधाराशी भांडणार, हे गणितानेच ठरलेले आहे. गुरुजींनी एकदा पेटी बंद करून तिला नुसत्या तंबोऱ्यावर म्हणायला लावले असते तर? ती सोय क्लासमध्ये नव्हती, हेही खरे. गुरुजींचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्यापुढे वीस मुले होती आणि पुढ्यात पेटी होती.

हा तंटा आमच्या क्लासपुरता नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर स्वरांच्या मोजमापाच्या मागे लागले. त्यांना किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य मिळाले. खाँसाहेबांनी गायचे, देवलांनी तारेची लांबी मोजायची. गवयाचा गळा आणि मोजपट्टी यांना एकत्र बसवण्याचा असा प्रयत्न आपल्याकडे तोपर्यंत विरळाच झाला होता. १९१० साली देवलांचे बावीस श्रुतींवरचे पुस्तक निघाले. पुढे अर्नेस्ट क्लेमेंट्स या मुलकी सेवेतल्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या विचारांचा पाठपुरावा केला आणि श्रुतींची पेटी इंग्लंडमध्ये बनवून घेतली. ती पेटी चालली नाही. बावीस श्रुतींच्या जागा ठरलेल्याच असतात का, यावरच गवयांचे आणि पंडितांचे एकमत नव्हते, आजही नाही. गवई स्वरावर स्थिर उभा राहतो तसा त्यातून सरकतही जातो, आणि पट्टीला सरकता येत नाही.

१९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली. ती जवळजवळ तीस वर्षे टिकली आणि १९७१ च्या सुमारास सैल झाली. म्हणजे आमच्या लहानपणी चाळीत ज्या वाद्याचा सुळसुळाट होता, तेच वाद्य त्याच चाळीतल्या रेडिओवर वर्ज्य होते. आम्हांला ही बंदी पटत नाही. दोष एका पद्धतीच्या जुळणीचा होता, शिक्षा सगळ्या वाद्याला झाली. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, आणि त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांनी याच पेटीतून काय काढून दाखवले, ते ज्यांनी ऐकले आहे ते पेटीला सरसकट बेसूर म्हणणार नाहीत. बोरकर गोव्याहून आले आणि मुंबईत त्यांनी पेटीवादकांची एक पिढी तयार केली. शिवाय गायकाची पट्टी सांगितली तर त्या षड्जाला धरून नैसर्गिक स्वरांत पेटी लावून देणारे कारागीर मुंबई-पुण्यात आहेत. त्यांना 'गंधार लावून द्या' एवढे म्हटले तरी पुरते. फक्त मग त्या पेटीवर भलत्याच पट्टीला षड्ज मानता येत नाही.

तेव्हा पेटी वाईट, तंबोरा चांगला, असा सोपा निवाडा आम्हांला द्यायचा नाही. पेटीने हजारो घरांत गाणे पोहोचवले. तंबोऱ्याला तेवढ्या खोल्यांत उभे राहायला जागाही नव्हती. तक्रार एवढीच की पेटी मुलाला स्वर देते, पण स्वर शोधायला लावत नाही. गिरगावात ऑपेरा हाऊसजवळच्या प्रा. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात कुमार गंधर्व लहान वयात शिकायला आले. पुढे मोठे झाल्यावर मैफलीपूर्वी तंबोरे जुळवायला ते किती वेळ घेत, हे त्यांच्या श्रोत्यांना चांगले माहीत आहे. काही श्रोते कंटाळत. आम्हीही कधी कंटाळलो आहोत. पण त्या जुळवण्यात ते जे ऐकत होते ते आपल्याला ऐकू येत नव्हते, म्हणून तो कंटाळा होता.

आता तर विजेवरचा तंबोरा आणि मोबाइलमधला तंबोरा आहे. कळ दाबली की जुळलेला सूर. तबला लावतानाही मुले मोबाइल समोर ठेवतात. काटा मध्ये आला, पडदा हिरवा झाला की हातोडी खाली. ही साधने आम्ही स्वतः वापरतो. परंतु काटा डोळ्यांनी पाहिला जातो. कान त्या वेळी मोकळाच बसलेला असतो. आधी कानाने लावा आणि मग काट्याकडे पाहून आपण किती चुकलो ते तपासा, असा क्रम ठेवला तर तेच साधन उत्तम परीक्षक होते. क्रम उलटला की ते नुसती कुबडी होते.

पालकांची एक समजूतही इथे दूर करावीशी वाटते. संगीताने गणितात गुण वाढतात, बुद्धी वाढते, म्हणून क्लास लावायचा. या समजुतीचे मूळ १९९३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगात आहे. त्यात छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोत्सार्टचे संगीत ऐकवले होते. आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांची कामगिरी जरा सुधारली आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. लहान मुले त्यात नव्हती, वाद्य शिकणे त्यात नव्हते. एवढ्याशा बीजातून केवढी जाहिरातबाजी उगवली! मुलाने तबला शिकावा तो तबला येण्यासाठी. ऐकण्याची सवय लागते, ते व्याजासकट मिळते.

आणि ज्या कानाविषयी हे सगळे चालले आहे, तो शाबूत राहिला पाहिजे. आमचे मामा मागांच्या खात्यात होते. तिथला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असे. पन्नाशीत त्यांना झांज ऐकू येईनाशी झाली, पखवाज ऐकू येई. असे का, तर मोठ्या आवाजाने कानाची हानी सुरू होते ती सहसा ४००० च्या आसपासच्या उंच कंपनांपासून. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मागांचा आवाजही गेला. परंतु आज ढोल-ताशा पथकात तासन्‌तास उभी राहणारी मुले तशाच आवाजात असतात. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होईल असे धरले, तर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. कानात घालायच्या बोळ्यांना फार पैसे पडत नाहीत. पथकातल्या विद्यार्थ्यांना हे वर्गात गणित म्हणून सोडवायला द्यावे.

वर्गात करून पाहण्यासारखे

शाळेत जुना तबला असतोच. बहुधा सांस्कृतिक कार्यक्रमाच्या कपाटात, फडक्यात बांधलेला. तो काढावा. जोडीला एखादा ढोल किंवा डफ घ्यावा. दोन्हींवर थाप मारून मुलांना तोच सूर गळ्यातून काढायला सांगावे. तबल्याचा निघतो, ढोलाचा प्रत्येकाचा वेगळा निघतो. ही मतभिन्नता फळ्यावर लिहून ठेवावी आणि मगच १, १.५९, २.१४ हे आकडे सांगावेत.

मग ढोलाच्या पुडीवर मधोमध कणकेचा गोळा थापून पाहावा. गोळा लहान-मोठा करीत, मध्यापासून कडेकडे सरकवत ऐकावे. ढोलाचा तबला होणार नाही, पण सूर उतरताना स्पष्ट ऐकू येतो आणि मुले अक्षरशः गोळ्यासाठी भांडतात. कणीक नंतर लगेच पुसून काढावी, नाहीतर पुडीला मुंग्या लागतात. हे आम्ही अनुभवाने सांगतो आहोत.

तिसरा प्रयोग शांत खोलीत करायचा. मोबाइलवरचा तंबोरा चालेल, खरा मिळाला तर फारच उत्तम. आधी पेटीवर तंबोऱ्याशी जुळणारी षड्जाची पट्टी शोधावी. तंतोतंत जुळणारी सापडली नाही, तर तंबोरा चढवून-उतरवून पेटीला मिळवून घ्यावा. मग तंबोऱ्याबरोबर पेटीचा पंचम सावकाश धरावा. मुलांना डोळे मिटायला सांगावे. त्यानंतर गंधार धरावा. आवाजातली थरथर ज्याला जाणवेल त्याने बोट वर करायचे, बोलायचे नाही. पहिल्या खेपेस दोन-तीनच बोटे वर येतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत निम्मा वर्ग येतो. शेवटी पेटी बंद करावी आणि नुसत्या तंबोऱ्यावर एकेकाला गंधार लावायला सांगावे. लावताना मूल स्वर खाली-वर हलवील, थरथर कमी होईल तसे थांबेल. त्याला मध्येच टोकू नये, आणि काही झाले तरी पट्टी दाबून दाखवू नये.